एस.टी.डी. बूथमधला समुद्र

किस्से साठायला दोनच गोष्टी लागतात. रिकामा वेळ आणि रोज तीच तीच माणसं. आमच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये या दोन्हींची कधी टंचाई पडली नाही. मी बिलाच्या खिडकीवर बसायचे. एके काळी त्या खिडकीसमोर अशी रांग असायची की मला पाणी प्यायला उठता येत नसे. एका गृहस्थाने तर बिल माझ्या अंगावर फेकून "मी दुबईले कवा फोन केला?" म्हणून आख्खं ऑफिस डोक्यावर घेतलं होतं आणि त्याची बायको मागे उभी राहून गुपचूप पदर चावत होती! मग मोबाईल आले. लोक लँडलाईन परत करायला रांग लावू लागले. पुढे तीही रांग संपली. उरलो आम्ही आणि आमच्या गप्पा.

गावाचं नाव सांगत नाही. तिरोड्याच्या बाजूला आहे, एवढं पुरे. काही मंडळी अजून नोकरीत आहेत.

मंडळी म्हणजे तरी कोण? बिसेन साहेब आमचे प्रमुख. घरची धानाची शेती, त्यामुळे कुठल्याही गोष्टीची घाई नाही. रहांगडाले टेक्निशियन, बॅटरी रूम त्यांच्या ताब्यात. मेश्राम लाईनमन, तोंडात कायम खर्रा, म्हणजे आमच्याकडचा सुपारी-तंबाखू-चुन्याचा घोटलेला ऐवज. आणि चौथी मी. पाचव्या होत्या बिसेन काकू. त्या ऑफिसात कधीच आल्या नव्हत्या, पण रोज हजर असायच्या. फोनवर!

*

काकूंना समुद्र पाहायचा होता. आमच्याकडची माणसं समुद्र पाहायला मुंबईला जात नाहीत, जगन्नाथपुरीला जातात. काकूंच्या सासूबाई पुरीला जायचं जायचं म्हणत वारल्या. जाताना त्यांनी सुनेच्या हातात एक जुना तांब्याचा पैसा ठेवला आणि सांगितलं, "तू जाशीन तवा माह्या नावानं समुद्रात टाकजो." तो पैसा काकूंनी बटव्यात ठेवला आणि बटवा कमरेला.

पहिल्यांदा बॅगा भरल्या त्याच दिवशी वादळ झालं आणि निम्म्या तालुक्याचे खांब आडवे झाले. साहेबांची रजा रद्द. दुसऱ्यांदा निवडणूक लागली. तिसऱ्यांदा तिकिटं खिशात होती आणि काकूंना लकवा मारला. उजवं अंग गेलं. जिभेला मात्र धक्काही लागला नाही. उलट बाकी अंगाचं सगळं बळ तिथेच जमा झालं, असं मेश्राम म्हणायचे. अर्थात हळू आवाजात.

साहेब म्हणाले, आपण खुर्चीवर बसवून नेऊ, चार माणसं उचलतील. काकू कडाडल्या, "मी का मुर्दा आहो, चार जणांनी उचलून न्यायले? जाईन तवा एकदाच जाईन!"

त्यानंतर तो विषय बंद. आणि काकू घराचा उंबरा ओलांडेनाशा झाल्या. साहेबांचं घर एक्स्चेंजच्या मागच्याच गल्लीत. एकदा चहा पिता पिता साहेब मला म्हणाले, "समुद्र तं दूर राहिला मॅडम, तिनं दोन वर्षांत घरासमोरचा रोड नाई पाह्यला." असं म्हणून त्यांनी चहा तसाच ठेवला. मला फार वाईट वाटलं. मेश्राम तर खर्रा चघळायचे थांबले, यावरून काय ते समजा.

*

तोडगा निघाला रहांगडालेंच्या दाढेतून! ती काढायला ते नागपूरला गेले होते. तिथल्या दातांच्या डॉक्टरांनी बाहेरच्या खोलीत काचेच्या टाकीत समुद्र पाळला होता. खारं पाणी, खडक, त्यावर डुलणारी प्रवाळं, रंगीत मासे. रहांगडाले दाढ विसरून तिथेच बसून राहिले. नंबर आला तेव्हा आपला नंबर त्यांनी दुसऱ्याला दिला.

सुजलेल्या गालाने दुसऱ्या दिवशी ऑफिसात आले आणि म्हणाले, "साहेब, काकू समुद्राकडे जात नाईत ना? मंग समुद्र इकडे आणू. निदान ऑफिसपर्यंत तं येतीन!"

घरी का नाही, तर गावात दिवे असण्यापेक्षा नसण्याचंच वेळापत्रक मोठं, आणि उन्हाळा तर विचारूच नका. एसी आणि जनरेटर असलेली गावातली जागा एकच, ती म्हणजे आमचं एक्स्चेंज. मशिन रूमची गार हवा शेजारच्या रेस्ट रूममध्येही यायची. टाकी तिथे ठेवायची ठरली. काकूंना मात्र आधी काही सांगायचं नाही!

पुरीसाठी काकूंनी बाजूला ठेवलेले पैसे होते. साहेबांनी त्यांना हात लावू दिला नाही. "ते तिच्या पुरीचे आहेत," म्हणाले. म्हणजे मग वर्गणी आली. रहांगडाले ती घेऊन गोंदियाच्या मासेवाल्या दुकानात गेले. दुकानदार भैयाने विचारलं, "बजट कितना है, भाईसाब?"

रहांगडालेंनी सांगितलं.

भैयाने हातातली माशांची जाळी खाली ठेवली. मग म्हणाला, "इतने में समुंदर नहीं आएगा। समुंदर का फोटो ले जाओ!"

*

पण आमच्याकडे एक भांडार होतं. बंद पडलेले एस.टी.डी. बूथ! गावातल्या प्रत्येक चौकात एकेक काचेची केबिन धूळ खात उभी होती. त्यातल्या एका बूथवाल्याने मेश्रामना काचा फुकट दिल्या. "घेऊन जा, तेवढीच जागा मोकळी होईल, मोबाईल रिचार्जचं टेबल लावतो," म्हणाला. शोकेस करणाऱ्या मिस्त्रीने त्यांची टाकी जोडून दिली. पिवळ्या रंगातली "एस.टी.डी. आय.एस.डी." ही अक्षरं काही केल्या निघेनात, म्हणून ती बाजू मागे केली. पाणी खेळतं ठेवायला जुन्या कूलरचा पंप लावला. उजेडाला ट्यूबलाईट आणि मंडपवाल्याकडून आणलेला निळा दिवा.

टाकी सुरू झाली आणि तिसऱ्या प्रहरी काकूंचा फोन आला. "काय जी मॅडम, तुमच्या ऑफिसात डाळ शिजून राहिली का? बुडबुड ऐकू येते."

"हो काकू," मी म्हटलं, "तुरीची."

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. "कालचीच डाळ का जी? अजून शिजली नाई?"

पुढच्या आठवड्यात, "मॅडम, ती डाळ कोणत्या दुकानातून आणली, तेवढं सांगा. मी तिकडून घेणार नाई!"

*

समुद्राला लागतो खडक. तोही साधा नाही, जिवंत! म्हणजे ज्याच्या भोकाभोकांत पाणी साफ ठेवणारे बारीक जीव असतात असा. बाकी सगळे साधे दगड आणि त्यांना विरजण म्हणून असा एकच, असं डॉक्टरांनी स्वस्तात बसवून दिलं होतं. स्वतःच्या टाकीतला एक तुकडाही दिला. तो बादलीत, ओल्या वर्तमानपत्रांत गुंडाळून रहांगडाले एस.टी.ने निघाले. बादली शेजारच्या सीटवर.

भंडाऱ्याच्या पुढे कंडक्टरने विचारलं, "यात काय आहे?"

"दगड."

"दगडाले सीट काऊन पाहिजे? खाली ठेवा."

"खाली गरम होते. मरन ना तो."

"दगड मरन?"

"जिवंत दगड आहे, भाऊ."

कंडक्टरने शांतपणे तिकिटाची मशिन पुढे ओढली. "जिवंत आहे म्हणता ना? मंग हाफ तिकीट काढा!"

ते हाफ तिकीट मेश्रामनी नंतर टाकीच्या काचेवर बाहेरून चिकटवलं. प्रवासी नियमाने आला आहे हे सगळ्यांना कळावं म्हणून!

*

आता मी जे सांगणार आहे ते खडक येण्याच्या आधीचं, आणि ते फक्त टेलिफोनवालेच करू शकतात.

पाणी किती खारट हवं हे मोजायला एक उपकरण लागतं, हायड्रोमीटर. डॉक्टरांनी फोनवर नाव सांगताच रहांगडाले हसले. "आपल्याकडे आहे साहेब!" बॅटरीतलं ॲसिड पुरेसं जड आहे का ते पाहायची काचेची नळी असते, ती. आतली कांडी वर तरंगली तर बॅटरी चार्ज, तळाला बसली तर डिस्चार्ज. रहांगडालेंनी आयुष्यभर तेवढंच पाहिलं होतं.

पाण्यात समुद्राचं मीठ टाकलं. साधं नाही, खास विकत आणलेलं, वर्गणीतला मोठा भाग त्यातच गेलेला. नळी बुडवली. कांडी तळाला. आणखी मीठ टाकलं. कांडी तळालाच. दुपारभर हे चाललं. मेश्राम पोतं ओतत होते, रहांगडाले काठीने ढवळत होते, मी बाजूला उभी राहून "आणखी थोडं" म्हणत होते, म्हणजे माझाही हात त्यात होताच. पोतं रिकामं झालं तेव्हा कांडी कुठे थोडी हलली.

तेवढ्यात साहेब आले. "काय करून राहिले जी?"

रहांगडाले घाम पुसत म्हणाले, "साहेब, आपला समुद्र अजून डिस्चार्जच दाखवून राहिला!"

डॉक्टरांना फोन लावला. ते आधी खूप हसले. मग म्हणाले, बॅटरीच्या नळीवर समुद्राचा आकडाच नसतो, समुद्र त्याच्या कितीतरी खाली असतो. "तुम्ही समुद्र नाही केला, तुम्ही लोणच्याचा खार केलात!"

रहांगडाले मटकन खुर्चीत बसले. सगळी वर्गणी पाण्यात, अक्षरशः! पण साहेब शेतकरी माणूस. म्हणाले, "धान भिजलं तं नासते. मीठ कायले नासते? आता पाणी वाढवा." झालं, ऑफिसातले सगळे ड्रम, बादल्या, कूलरची टाकी, जे सापडेल त्यात तो खार भरून ठेवला आणि पुढे कित्येक महिने लागेल तसा पातळ करून वापरला. मीठ पुन्हा विकत घ्यावंच लागलं नाही. चूक इतकी मोठी होती की तिच्यातच उन्हाळ्यापर्यंतची बेगमी झाली!

*

योग्य नळी पोस्टाने येईपर्यंत चव घेऊन पाहायचं ठरलं. जुने लाईनमन तार चालू आहे की नाही हे जिभेला लावून पाहत. जीभ चुणचुणली की लाईन चालू! मेश्राम त्यातले वाकबगार. म्हणून ते काम त्यांच्याकडे दिलं.

मेश्रामनी बोट बुडवलं, चाखलं आणि म्हणाले, "फिकं आहे."

खार वाढवला. "फिकंच आहे." पुन्हा वाढवला. "अजून थोडं पाहिजे."

मला शंका आली. मी थेंबभर चाखलं आणि बेसिनकडे धावले. जिभेवर मीठ फुटल्यासारखं झालं होतं!

"मेश्राम," साहेबांनी विचारलं, "सकाळपासून किती खर्रे झाले?"

मेश्रामनी मान वळवली आणि म्हणाले, "लाईन चालू आहे का ते सांगतो ना साहेब. चवीचं मॅडमले विचारा!"

*

मग सुरू झालं वाट पाहणं. पाणी तयार व्हायला वेळ द्यावा लागतो. खडकातले जीव पसरतात, पाणी मुरतं, तोवर मासा टाकायचा नाही. गावात मात्र बातमी पसरली होती. लोक बिलाच्या निमित्ताने यायचे आणि आत डोकवायचे. त्यांना दिसायचा पाण्यात ठेवलेला दगड आणि त्याच्याकडे टक लावून बसलेले सरकारी नोकर. पदर चावणारी ती बाईसुद्धा येऊन गेली.

एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "मासे कुठं आहेत?"

"यायचे आहेत, बाबाजी."

"मंग आतापासून पाणी कायले तापवून राहिले? मासोळी आणा, मंग रस्स्याचं पाहू!"

रहांगडाले बेचैन व्हायचे. एकदा म्हणाले, आजच मासे आणतो. साहेबांनी त्यांना खाली बसवलं. "आमच्या बांधीत चिखल झाल्याशिवाय आम्ही रोवणा करतो का? धान चिखलात लावतात, कोरड्यात नाई. तुमचं पाणी अजून कोरडं आहे."

पाण्याला कोरडं म्हणणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. पण रहांगडालेंना ते पटलं.

*

शेवटी मासे आले. नारंगी अंगावर पांढरे पट्टे, बोटाएवढे दोघं, नवरा-बायको. आणि डॉक्टरांच्या टाकीत वाढलेल्या प्रवाळाचा एक इवला तुकडा. समुद्रातून तोडायला कायद्याने बंदी आहे, हा घरचाच. छत्रीसारखा उघडायचा, मिटायचा. मेश्रामनी आल्या आल्या विचारलं, "एवढेसेच? हे तं एका घासाचेही नाईत!" आणि नंतर रोज पहिले येऊन त्यांच्यासमोर उभे राहायला लागले तेही मेश्रामच.

एके दिवशी ती छत्री मिटली. दुसऱ्या दिवशीही उघडेना. खडकासोबत आलेली गोगलगाय उलटी पडली. रहांगडालेंचा चेहरा पाहवत नव्हता. डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "पाण्यात कुठे तांबं गेलंय का? तांबं या जिवांना विष."

रहांगडालेंनी फोन कानाला धरून चौफेर पाहिलं. आमचं एक्स्चेंज म्हणजे तांब्याची खाणच! भिंतीतून तांबं, छतातून तांबं. आमच्याकडे दोरी नावाची वस्तू नव्हतीच. झाडूचा मुठा, फाईली, माझ्या चष्म्याची काडी, सगळं जंपर वायरच्या, म्हणजे बारीक तांब्याच्या तारेच्या तुकड्यांनी बांधलेलं.

"मेश्राम," रहांगडालेंनी हळूच विचारलं, "थर्मामीटर पाण्यात कशानं बांधला जी?"

मेश्रामनी शर्टाची बाही वर केली, हात टाकीत घातला आणि तार बाहेर काढली. मग जाऊन जिन्यावर बसून राहिले. त्या दिवशी त्यांनी डबा खाल्ला नाही.

पाणी बदलत बदलत काही दिवसांनी छत्री पुन्हा उघडली. मेश्राम त्या सकाळी ऑफिसभर फिरून प्रत्येकाच्या टेबलावर सुतळीचं एकेक बंडल ठेवून गेले. माझ्या चष्म्याला सुद्धा!

*

मध्येच गोंदियाहून मोठे साहेब अचानक तपासणीला आले. सरकारी रेस्ट रूममध्ये समुद्र, याला कुठला नियम लावणार? बिसेन साहेबांनी त्यांना मशिन रूम दाखवली, बॅटरी रूम दाखवली, गच्चीसुद्धा दाखवली. पण बुडबुड ऐकू येत होती.

मोठे साहेब दारात थांबले. निळ्या उजेडात पाण्यापलीकडे पिवळी उलटी अक्षरं दिसत होती. "ये क्या है?"

मेश्राम पुढे झाले. "एस.टी.डी. बूथ है, सर."

मोठ्या साहेबांनी टाकीकडे पाहिलं. मग मेश्रामकडे. "चालू है?"

"सिर्फ इनकमिंग, सर!"

मोठे साहेब खुर्ची ओढून बसले. चहा तिथेच मागवला. गाडीचा ड्रायव्हर दोनदा येऊन गेला तरी उठले नाहीत. जाताना रजिस्टरवर सही करताना एवढंच म्हणाले, "मशिनरी संतोषजनक।" ते गेल्यावर आम्ही चौघांनी एकदमच श्वास सोडला. रहांगडाले तर जमिनीवर आडवेच झाले.

*

मग आला मे महिना आणि एसी बंद पडला. मशिनचा दुसरा एसी मशिनपुरताच पुरत होता. आमच्या खोलीची भट्टी झाली. मेकॅनिक गोंदियाहून दुसऱ्या दिवशी येणार होता. थर्मामीटरचा पारा चढत होता, छत्री मिटली होती, मासे वर येऊन तोंड उघडत होते. ओली गोणपाटं झाली, पंखे झाले. आणखी एक दिवस निघणार नाही हे सगळ्यांना दिसत होतं. रहांगडाले म्हणाले, बाटल्यांत बर्फ करून पाण्यात तरंगवला तर कदाचित.

साहेबांनी घरी फोन लावला. मी शेजारीच होते आणि काकूंचा आवाज फोनबाहेर यायचाच.

साहेब म्हणाले, "कामवाल्या बाईले बाटल्यात पाणी भरून फ्रीजरमधे ठेवायले सांग. जेवढ्या बसतीन तेवढ्या."

"कायले?"

साहेबांना खोटं बोलता येत नाही. "पाहुणे आले आहेत ऑफिसात. त्यांना गरम सहन होत नाई."

"किती?"

"दोघं. नवरा-बायको."

"मंग घरी काऊन नाई आणत त्यांना? घरी कूलर आहे."

"त्यांना बाहेर निघता येत नाई."

"निघता येत नाई तं उचलून आणा!"

साहेब म्हणाले, "उचललेलं चालत नाई त्यांना."

मला वाटलं लाईन कटली. मग काकू म्हणाल्या, "पाठवते बाटल्या."

काकूंच्या कामवाल्या बाईने त्या दुपारी किती फेऱ्या मारल्या असतील! बाटल्या आल्या, डबे आले, बर्फाचे ट्रे आले, शेवटी दुधाची पिशवीसुद्धा गोठवून आली. आम्ही आळीपाळीने बाटल्या बुडवत, काढत बसलो. मेश्रामचा हात तर पाण्यातून बाहेरच येत नव्हता. संध्याकाळी मासे खाली गेले आणि खडकाच्या आड पोहू लागले. मी खरंच रडले. सुटकेचं रडणं काय असतं ते मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी एसी दुरुस्त झाला आणि काकूंचा फोन आला. "पाहुणे बरे आहेत का जी?"

"बरे आहेत, काकू."

"माह्या बर्फानं वाचले ना? मंग मले दाखवा."

मी फोन साहेबांच्या हातात दिला. साहेब चाचरत म्हणाले, "अगं, पण तू येशीन कशी?"

"कशी म्हंजे? उचला!"

*

हातांची लाकडी खुर्ची होती. एका पायाला साहेब, एकाला रहांगडाले, एकाला मेश्राम, चौथ्याला मी. काकूंनी नवी साडी नेसली होती, डाव्या हाताने खुर्चीचा दांडा धरला होता आणि वाटभर हुकूम चालू होते. "रहांगडाले, सरळ चाला! मेश्राम, खर्रा थुंका आधी!" कोपऱ्यावर आम्हाला थांबवलं. "हे मोबाईलचं दुकान कवा झालं? थांबा, पाहू द्या." आम्ही धापा टाकत उभे राहिलो आणि काकूंनी पोटभर रस्ता पाहिला. कुठलं घर रंगवलं, कोणाचं झाड गेलं, सगळं विचारून घेतलं. साहेब रस्त्याकडे बघत नव्हते, काकूंकडे बघत होते.

एक्स्चेंजच्या पायऱ्या चढवून खुर्ची टाकीसमोर ठेवली. निळा उजेड काकूंच्या तोंडावर पडला. छत्री उघडलेली होती. दोन्ही मासे खडकाआडून आले आणि काचेजवळ थांबले.

काकूंनी तोंड काचेजवळ नेलं. मग त्यांनी डावं बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. "खारट आहे."

"समुद्र आहे," साहेब म्हणाले.

काकूंनी कमरेचा बटवा काढला. दातांनी नाडी सोडली. सासूबाईंचा तांब्याचा पैसा कपाळाला लावला, डोळे मिटले आणि हात टाकीवर नेला.

रहांगडाले पांढरेफटक पडले. काकूंना त्या क्षणी नको कोण म्हणणार?

मेश्रामनी झेप घेतली आणि काकूंचं मनगट धरलं! ज्यांचा फोन वाजला तरी बाहेर पळायचे, त्या काकूंचं!

काकूंनी डोळे उघडले. "मले नोको म्हणता?"

"तांबं आहे जी, काकू." मेश्रामनी मनगट सोडलं नाही. "मरतीन ते. मी एकडाव तार टाकली होती."

काकूंनी पैशाकडे पाहिलं. माशांकडे पाहिलं. मग पैसा सावकाश बटव्यात ठेवला आणि म्हणाल्या, "मंग हा कुठं टाकू?"

काकूंनी आम्हा चौघांकडे, एकेकाकडे नीट पाहिलं. आम्ही अजून धापा टाकत होतो. मग त्या साहेबांकडे वळल्या.

"पुरीचं तिकीट काढा."

साहेबांनी डोळे पुसत विचारलं, "किती?"

"पाच," काकू म्हणाल्या. "खुर्चीले पाय चार आहेत."